कापलेला भाग

९ मार्च, सकाळी

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण ती मला रोज मोबाईलवर दिसते. चष्म्याच्या दोन्ही काचांत तो गोल दिवा चमकवत तू ती सगळ्या जगाला दाखवतोस. गालांवर थोडं मांस आलंय. आवाजही जाड केलायस. घरी तर तुझा आवाज असा नव्हता.

पत्र बघून हसशील. पण मेसेज पाठवला की तू नुसता अंगठा दाखवतोस, आणि फोन केला की 'वहिनी, रेकॉर्डिंग चालू आहे' म्हणून ठेवून देतोस. कागदाला अंगठा दाखवता येत नाही. म्हणून लिहिते.

घरचं सांगायचं तर न्हाणीघराचा नळ गळतो, मागची खिडकी अजून नीट लागत नाही. तुझ्या दादांचं कामाचं टेबल होतं तिथेच आहे. लोक अजून कधीकधी बिघडलेलं शिलाई मशीन घेऊन जिना चढतात. 'आता ते नाहीत' असं सांगितलं की मशीन खाली ठेवतात, थोडं बसतात, आणि पुन्हा उचलून घेऊन जातात. वजनदार वस्तू असते रे ती.

खालच्या मजल्यावरची शिवणवाली तुला आठवत असेल. तू शाळेत असताना तुझ्या चड्डीला ठिगळ लावून द्यायची आणि वर विचारायची, 'धाकट्या, वर्गात बसतोस कशावर, खिळ्यांवर?' गेल्या आठवड्यात कापड बेतता बेतता ती खाली बसली. कात्री हातातून सुटली ती सुटलीच. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं. तिची लेक आणि मी तिला रुग्णालयात घेऊन गेलो.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत ना?'

लेक म्हणाली, 'नाही. डॉक्टरांनीच बंद करायला सांगितल्या.'

'कुठल्या डॉक्टरांनी?'

'मोबाईलमधल्या.'

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. 'कशाचे डॉक्टर आहेत हे?'

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग मीच उत्तर दिलं. 'अळ्यांचे,' म्हटलं. 'कोबीवरच्या.'

कोणी हसलं नाही. मलाही हसवायचं नव्हतं.

अळ्यांचा अभ्यास हलका असतो असं मी म्हणत नाही. तुला पदवी मिळाली तेव्हा तुझा तो जाडजूड प्रबंध मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचला होता. अर्ध्याहून जास्त डोक्यावरून गेला. पण एक गोष्ट कळली. पानोपानी तू लिहिलं होतंस, 'याबाबत खात्रीने सांगता येत नाही', 'यासाठी अधिक अभ्यासाची गरज आहे'. मला तो मुलगा फार आवडला होता. एका अळीबद्दल बोलताना इतका जपून बोलणारा. आता तोच मुलगा प्रयोगशाळेतला तोच पांढरा कोट घालून माणसांच्या हृदयाबद्दल 'शंभर टक्के' म्हणतो. म्हणजे अळीची किंमत जास्त होती तर.

तू अडाणी असतास तर मी तुला माफ केलं असतं. तू अडाणी नाहीस. गोळ्यांऐवजी बियांचं पाणी प्या म्हणताना तू ज्याचा दाखला देतोस ते संशोधन उंदरांवरचं आहे हे तुला माहीत आहे. मी ते शोधून वाचलं आणि तुझ्या व्हिडिओखाली सभ्य भाषेत लिहिलं, 'हा प्रयोग उंदरांवरचा आहे, तेवढं सांगावं.' संध्याकाळी बघते तर माझं लिहिणं गायब. खाली राहिले नुसते जोडलेले हात आणि फुलं. एवढी फुलं तर दादा गेले तेव्हाही आली नव्हती.

'संशोधन सामान्य माणसापर्यंत पोचवतो' म्हणतोस. पोचवायला हवंच. मी सातवीत शाळा सोडलेली बाई, मला जे चार शब्द कळतात ते अशा पोचवणाऱ्यांमुळेच. एक परिचारिका आहे, स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहून सांगते. दिवा नाही, संगीत नाही, मागे कुकरची शिट्टी होते. औषध कशाचं, कधी घ्यायचं, काय झालं तर धावत दवाखाना गाठायचा. आणि जे माहीत नाही तिथे सरळ म्हणते, 'हे मला माहीत नाही.' तिला बघणारे मूठभर. तुला माहीत नाही असं काही नाहीच, म्हणून तुझ्याकडे जत्रा.

आता मुद्द्याचं. लेक काहीही म्हणो, शिवणवालीने गोळ्या सोडल्या त्या तुझं ऐकून नव्हे. तुला ती अजून खिळ्यांवर बसणारा पोरगाच समजते. तिने सोडल्या त्या दादांचं ऐकून. तो व्हिडिओ. आपलं स्वयंपाकघर, खिडकीजवळची खुर्ची, दादा पँट गुडघ्यापर्यंत वर करून पाय दाखवतात आणि म्हणतात, 'सूज होती, आता नाही. गोळ्या बंद. फक्त धाकट्याचं पाणी.' खाटेवर पडल्या पडल्या ती मला बोबड्या जिभेने म्हणाली, 'भाऊ खोटं कसं बोलतील? मशीन दुरुस्त होणार नसलं तर तोंडावर सांगायचे.'

मी पाण्याचा पेला तिच्या डाव्या हातात दिला.

तर तू ये. तिला भेट, तिच्या हाताकडे बघ. आणि त्याच दिव्यासमोर, त्याच कोटात बसून सांग की चुकलं, गोळ्या सोडू नका. तिच्यासारख्या आणखी किती बायका किती जिन्यांखाली बसून तुझं पाणी पीत असतील, ते तुलाही माहीत नाही आणि मलाही.

त्या व्हिडिओबद्दल आणखी एक गोष्ट आहे. ती आत्ता लिहीत नाही.

तुझी,
वहिनी


२१ मार्च, दुपारी

धाकट्या,

आशीर्वाद या वेळी राखून ठेवते.

तू आला नाहीस. तुझा मेसेज आला. 'वहिनी, तुला त्रास होतोय तर तो व्हिडिओ गुपचूप काढून टाकतो. पण दादांना गुण आला होता, हे तू नाकारू शकत नाहीस. पाय तूही पाहिलेस.' आणि शेवटी जोडलेले हात. मला सुद्धा.

हो, पाय पाहिले. आता ऐक. मागच्या वेळी लिहायचं टाळलं होतं, कारण दादांना शब्द दिला होता.

त्या व्हिडिओच्या आधी काही दिवस तू आला होतास आणि फळीवरचं गोळ्यांचं पाकीट उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतंस. 'दादा, आता याची गरज नाही,' म्हणालास. दादा 'बरं' म्हणाले. तू जिना उतरून गेलास, खालचं दार वाजलं, आणि तुझ्या दादांनी वाकून डब्यातून ते पाकीट काढलं. बटाट्याची सालं चिकटली होती ती झटकली, सदऱ्याला पुसलं. मी म्हटलं, 'हे काय चाललंय? त्याला तोंडावर सांगता येत नाही?' तर म्हणाले, 'नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा त्याला काहीतरी जमतंय. जमू दे. गोळी मी घेतो, पाणीही पितो. पाण्याने काय मरतोय?'

त्या दिवसापासून गोळ्या टेबलावर बॉबिनच्या डब्यात. तू येऊन गेलास की एक. तू यायचा असलास की आधी एक. एक दिवस चुकली नाही.

चित्रीकरणाच्या दिवशीही घेतली होती. तुला आठवतं का, मध्येच दोनदा थांबावं लागलं होतं? दोन्ही वेळा दादा उठून न्हाणीघरात गेले. तू चिडलास. 'दादा, लिंक तुटते,' म्हणालास. अरे, ती गोळी लघवीचीच होती. अंगातलं पाणी काढायची. म्हणून तर सूज उतरली होती. इतकं शिकलेला तू, कॅमेरा घेऊन समोर बसला होतास, गुण कशाने येतोय ते तुझ्या डोळ्यांसमोरून दोनदा उठून गेलं, आणि तू काय केलंस? तेवढा भाग कापलास. धाकट्या, तू जे कापलंस तेच औषध होतं.

तुझी मला कीव येत नाही. दादांचीही येत नाही. खरं सांगू? तुझ्यापेक्षा त्यांचाच राग जास्त येतो. परक्या माणसाच्या मशीनबद्दल शब्द फिरवला नाही कधी, आणि भावाच्या लाडापायी कॅमेऱ्यात बघून सरळ खोटं. पँट वर करून. वर हसत. मेल्या माणसाशी भांडता येत नाही. मी तरी भांडते. भांडी घासताना, खिडकीशी झटापट करताना. त्यांना उत्तर द्यायची घाई नाही.

'कुणाला सांगू नकोस' म्हणाले होते. मला वाटलं, दोन भावांमधली गोष्ट आहे, राहू दे. शिवणवाली त्या दोन भावांत नव्हती. तिच्या लेकीला आता मशीनवर बसवलंय. सुई कशी ओवायची ते ती खाटेवरून डाव्या हाताने दाखवते.

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, तीही लिहिते, म्हणजे हिशेब सरळ राहील. दादा गेल्यापासून तू या घराची पायरी चढलेला नाहीस. मला वाटतं, त्या पांढऱ्या कोटाच्या आत तुला भीती आहे की आपण गोळ्या बंद केल्या म्हणून भाऊ गेला. तसं नाही. ते गोळ्या घेत घेत गेले. हृदयच थकलं होतं. तुझ्या पाण्याने त्यांना तारलं नाही, मारलंही नाही. एवढं माझ्याकडून घे. यापुढे काही मागू नकोस.

आणि तो व्हिडिओ काढू नकोस. गुपचूप तर मुळीच नाही. ज्यांनी बघून गोळ्या सोडल्या त्यांना व्हिडिओ नाहीसा झाल्याचं कोण कळवणार? त्यांना वाटेल, होता तो खराच, फक्त आता सापडत नाही. तू दिवा घेऊन इथे ये. मी त्याच खुर्चीत बसते. बॉबिनचा डबा हातात घेऊन जे झालं ते मी सांगते, तू शेजारी बसून 'हो' म्हण. मग ते त्या व्हिडिओच्या आधी जोड, म्हणजे दादांचे पाय बघण्याआधी माणसाला माझं तोंड बघावं लागेल. तुझी जत्रा पांगेल. पांगू दे. त्यातली दोन माणसं जरी औषधाकडे परत वळली तरी तुझ्या प्रबंधानंतरचं तुझं पहिलं खरं काम होईल.

येताना ते कापलेले तुकडे घेऊन ये. पुरावा म्हणून हवेत. लोकांना दिसू दे, माणूस उठून कुठे गेला ते.

पुरावा म्हणून, असं लिहिलं खरं. पण आता लिहितेच आहे तर पुरतं लिहिते.

तो व्हिडिओ इतक्या लोकांनी पाहिला म्हणून तू मिरवतोस. त्यातली कितीतरी माणसं मीच आहे. सकाळी चहा गाळण्याआधी एकदा लावते. काय बोलतात ते ऐकत नाही, ते खोटं आहे. नुसतं बघते. बोलता बोलता नाक खाजवतात ते. घरात दुसरं काही नाही, फोटो आहेत, पण फोटोत सगळेच ताठ बसतात. तू 'काढून टाकतो' लिहिलंस तेव्हा त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती काही शिवणवालीच्या काळजीने नव्हे. दादांचं खोटं जगाला सांगायचं आणि त्यांना घालवायचंही नाही, हे दोन्ही मला हवंय. हसायचं तर हस.

त्या कापलेल्या भागात, दुसऱ्या वेळी उठले तेव्हा, न्हाणीघराच्या दारातून त्यांनी मला हाक मारली होती. 'अगं ए, माझी जागा धर, आलोच.' मी चुलीपाशी होते. मी 'हं' म्हटलं, वळूनही पाहिलं नाही. ते तुझ्याकडे असेल. तू एवढा व्यवस्थित माणूस, काही फेकून देत नाहीस, गोळ्या सोडल्या तर.

ते घेऊन ये. दार उघडं आहे. खुर्ची मी धरून ठेवली आहे.

तुझ्या दादांची जागा राखणारी,
वहिनी