पकडीचं सामान

बाई,

गेल्या महिन्यात मी तुमच्या घरी जाऊन आले. तुम्ही होतात तेव्हा कधी आले नव्हते. वाशीतली तुमची सोसायटी आता पाडणार आहेत, तिथे टॉवर व्हायचाय. अर्ध्या लोकांनी घरं सोडलीत, जिन्यात जुन्या गाद्या आणि मोडके कूलर पडलेत. शाळेतल्या आम्हा मुलींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर कोणीतरी टाकलं होतं की बाईंचे मिस्टर घर रिकामं करतायत, बाईंचं व्यायामाचं सामान एका पोत्यात आहे, कोणाला हवं असेल तर घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल. दोन दिवस सगळ्यांनी नुसते हात जोडले. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं, मी जाते. का लिहिलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. करंजाड्याहून वाशी काही जवळ नाही आणि मला सुट्टी एका रविवारचीच असते.

पोत्याचं तोंड तुमच्या मिस्टरांनी, काकांनी, सोडलं आणि वरचाच पाइप मी ओळखला. त्याच्या मधल्या भोकाला अजून काळी कड होती. ते भोक पाडलं तेव्हा मी तिथे होते. मी आठवीत आहे, शनिवारची शाळा सुटलीय, आणि खिचडीच्या खोलीतल्या शेगडीवर तुम्ही सांडशीत खिळा धरून लाल करताय. मी पाइप दोन्ही हातांनी दाबून धरलाय. खिळा आत जातो तसा प्लास्टिकचा वास नाकात बसतो आणि खिचडीवाल्या मावशी ओरडतात, बाई, डाळीला वास लागंल हो. तुम्ही हसता. मग त्या भोकातून नायलॉनची दोरी ओवायची, दोरीच्या टोकाला पाण्याची बाटली, बाटलीत शाळेशेजारच्या बिल्डिंगच्या कामावरची वाळू. हात समोर खांद्याच्या रेषेत ठेवायचे, कोपर वाकवायचं नाही, आणि मनगटं एकामागून एक फिरवत बाटली पाइपपर्यंत चढवायची. आम्ही त्याला रहाट म्हणायचो. बाटली वर आली की तितक्याच सावकाश खाली. "वर कोणीपण ओढतं," तुम्ही म्हणायचात, "खाली सोडताना कळतं हात कोणाचा आहे ते."

शाळेने आम्हाला दोरीच्या मल्लखांबासाठी एक दोरी दिली होती, एक गादी दिली होती, आणि मागची पत्र्याची शेड. बाकी सगळं तुम्ही जमवलंत. स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे कापलेले पट्टे, ते पाच बोटांवर चढवून बोटं ताणून उघडायची. पत्र्याच्या डब्यात सिमेंट ओतून केलेली वजनं, ती वरून नुसत्या बोटांच्या चिमटीत उचलायची. वाळूची बादली, तिच्यात मनगटापर्यंत हात खुपसून मुठी वळायच्या. काहीच नसेल तर वर्तमानपत्राचं अख्खं पान एका हाताने चुरगाळत त्याचा लिंबाएवढा गोळा करायचा. पप्पा तेव्हा कांदा-बटाटा मार्केटात हमाली करायचे. तुम्ही त्यांच्याकडे माझ्या हाती निरोप धाडलात की रिकामी पोती आणि सुतळी मिळाली तर बरं होईल. त्यांना इतका आनंद झाला की ते स्वतः सायकलवरून गठ्ठा घेऊन आले. कोणत्याही शिक्षकाने त्यांच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत आणि म्हणालात, तुमच्या मुलीचे हात तुमच्यावर गेलेत. घरी येऊन त्यांनी ते आईला दोनदा सांगितलं.

प्रत्येक वस्तू तुम्ही आधी घरी न्यायचात. आठ-दहा दिवस स्वतः करून बघायचात आणि मग शेडमध्ये आणायचात. माझ्या हाताला जमलं तर तुमच्या हाताला देणार, असं म्हणायचात. आम्हाला वाटायचं, बाई शिस्तीच्या आहेत.

आता त्या बाटलीचं लिहिते. नववीतला जानेवारी. मार्चमध्ये आंतरशालेय स्पर्धा होती आणि सगळ्यांत वर जाणारी मुलगी मीच, त्यामुळे डोक्यात हवा होती. सराव संपल्यावर तुम्ही तुमची पाण्याची बाटली उघडत होतात आणि झाकण फिरत नव्हतं. तुम्ही ती ओढणीत धरून बघितलीत, मग काही न बोलता शेजारच्या मुलीकडे दिलीत. मी म्हणाले, "बाई, तुमीच जरा रहाट फिरवा आता." मुली हसल्या. मीही हसले. तुमचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं, पण तेव्हा मला त्यात फक्त राग दिसला.

तुम्ही मला दोरीला लटकायला लावलंत. नुसत्या हातांनी, पाय न लावता, पडेपर्यंत. सगळ्या मुली गोल करून उभ्या. मी ठरवलं, पडायचंच नाही. तळव्याची साल निघाली, कोपराखालचा हात दगड झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी मी लटकून. शेवटी तुम्हीच म्हणालात, उतर. मी उतरले नाही. परत म्हणालात. मग मी उतरले आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "हातात ताकद आहे ती तू कमावलेली नाहीस. तुला मिळालीय. मिळालेलं जातंही. उद्यापासून तू शेवटी." मला ते शेवटी उभं राहणं फार लागलं. घरी जेवले नाही. तुमचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेवटी माझी पाळी आली. वर जाईपर्यंत सगळं ठीक होतं. उतरताना पायाच्या बेचक्यातून दोरी निसटली, आणि आदल्या दिवशीच्या सोललेल्या हातांनी मला ती धरवली नाही. तुम्ही खालीच होतात. तुम्ही एक पाऊल पुढे आलात आणि माझं मनगट पकडलंत, उजव्या हाताने, बरोबर वेळेवर. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, मग मनगटाकडे. तुमची बोटं माझ्या मनगटावर आली आणि एकेक करून उघडली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. मी गादीच्या कडेवर, अर्धी फरशीवर पडले. डावं कोपर फुटलं.

प्लास्टर घालून आठवड्याने आम्हाला शाळेत बोलावलं. मोठ्या बाईंच्या ऑफिसात मी, पप्पा, आणि कोपऱ्यात एक क्लार्क लिहायला बसलेले. तुम्ही नव्हतात. मोठ्या बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "बाळ, बाईंनी तुझा हात पकडला होता ना? मग पुढे काय झालं? त्यांनी सोडला की त्यांच्या हातून सुटला?"

मी म्हणाले, "सोडला."

"नक्की?"

"आदल्या दिवशी त्या माझ्यावर चिडल्या होत्या."

पप्पांनी टेबलाची कड धरली. "लेकराच्या हातावर राग काढायचा?" ते हळू आवाजातच म्हणाले. "आमी गरीब हाय म्हणून काय?" क्लार्कने लिहून घेतलं. मला तेव्हा खोटं बोलतेय असं वाटलं नाही, बाई. मला खरंच वाटत होतं. पण खात्री होती का, असं मोठ्या बाईंनी विचारलं ना, तेव्हा आत काहीतरी हललं होतं आणि मी ते गप्प बसवलं. मला तुमची बोटं दिसली होती. सोडणाऱ्याची बोटं एकदम उघडतात.

तुम्ही त्याच आठवड्यात राजीनामा दिलात. दोरी काढून टाकली, शेडमध्ये बाकडी भरली. माझं कोपर नंतर कधीच पूर्ण सरळ झालं नाही. उरणकडे एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात मी कागदपत्रांचं काम करते, वरच्या रॅकवरची फाइल काढताना अजून उजवाच हात पुढे करावा लागतो. तीन-चार वर्षांनी तुम्ही गेल्याचं कानावर आलं. कोणी पॅरालिसिस म्हणालं. मी तेव्हा कॉलेजात होते. अरेरे म्हणाले आणि अभ्यासाला बसले.

काकांनी चहा केला. कप सोडून सगळं खोक्यांत गेलं होतं, आम्ही खोक्यांवरच बसलो. त्यांनी पाइप हातात घेतला आणि म्हणाले, "हे ती तुमच्यासाठी बनवायची असं तुम्हाला वाटत असेल. निम्मं खरं आहे ते."

त्यांनी पाइपचं भोक अंगठ्याने चाचपलं.

"उजव्या हाताची पकड जायला लागली होती तिची. आधी पिठाचा डबा उघडेना. मग खडू पडायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, म्हणाले, ह्याला व्यायाम हा उपाय नाही, उलट हात दमवू नका. ती ऐकते कुठे? इथे ओट्यापाशी उभी राहून रोज रहाट फिरवायची. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. आधी बाटली भरलेली असायची. मग अर्धी. मग मूठभर वाळू. शेवटी नुसती रिकामी बाटली. तीसुद्धा वर येईना तेव्हा मी हे सगळं माळ्यावर टाकलं."

शेडमध्ये आम्ही अर्ध्या बाटलीवरून भरलेल्या बाटलीवर जात होतो, त्याच महिन्यांत.

"डॉक्टरांनी कधी सांगितलं हे?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधी. त्याच वर्षी, जानेवारीत ती पोरगी पडली ना, त्याच्या आधीची दिवाळी."

मी मनात महिने मोजले. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तीन महिने तुम्ही तो हात घेऊन आमच्या खाली उभ्या राहत होतात. मला इतका संताप आला, बाई, की चहाचा कप खाली ठेवावा लागला. वीस-बावीस वर्षांनी, गेलेल्या माणसावर. काकांना ते कळलं असावं. ते म्हणाले, "मी तिला सांगितलं होतं, शाळेत बोल. ती म्हणाली, बोलले तर दोरी उतरवतील. मार्चची स्पर्धा होऊ दे, एक मुलगी फार चांगली आहे, तिचं एवढं होऊ दे, मग मीच सांगते. चुकलंच तिचं. मी पण जोर केला नाही."

खिडकीतून खालचं गेट दिसत होतं, टेम्पोत कोणाचं तरी कपाट चढवत होते. मला वाटलं, उठावं आता. पण काका बोलतच राहिले. फार दिवसांनी कोणीतरी ऐकायला बसलं होतं. "त्या पोरीने सांगितलं की बाईंनी हात सोडला. मोठ्या बाईंनी हिला बोलावून विचारलं, तर ही हो म्हणाली. मी घरी भांडलो तिच्याशी. म्हटलं, सुटला म्हणून सांग, आजाराचे कागद दाखव. तर म्हणते कशी, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ती म्हणते सोडला, म्हणजे सोडलाच असेल मी. माझ्या बोटांचं मला कुठे कळतं आता." काकांनी पाइप परत पोत्यात ठेवला. "शेवटी बोलता येत नव्हतं. पाटीवर डाव्या हाताने लिहायची, तोही गेला मग. त्या पाटीवर पण एकदा हेच लिहिलं होतं, मी सोडला का? मी काय सांगणार? मी कुठे होतो तिथे?"

मी होते तिथे. तुम्हाला सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं आणि ते घणसोलीत, तुमच्यापासून चार स्टेशनांवर, बारावीची पुस्तकं पाठ करत होतं.

"तुम्ही त्याच बॅचच्या ना?" काकांनी विचारलं. "ओळखायचात का त्या पोरीला?"

मी डावा हात मांडीखाली घेतला. म्हणाले, "चेहऱ्याने."

"बरी असेल ना ती?"

"असेल."

पोतं मी घेऊन आले. रिक्षावाला म्हणाला, काय दगड भरलेत का मॅडम. सिमेंटचे डबे होते. आता ते सगळं बाल्कनीत आहे. एका संध्याकाळी मी रहाट काढला, बाटलीत वाळू भरली, आणि ओट्यापाशी उभी राहून फिरवून बघितला. डावं कोपर सरळ होत नाही म्हणून पाइप तिरका राहतो आणि दोरी एका बाजूला गुंडाळत जाते. तरी बाटली वर आली. खाली सोडताना हात थरथरले. तुम्ही कशा उभ्या राहत असाल, बाटली कितपत वर आल्यावर थांबत असाल, हे मी त्या वेळी समजून घ्यायचा प्रयत्न केला. समजलं असं म्हणणार नाही. तुमच्यावरचा राग काही गेलेला नाही. तुम्ही मला तेव्हा सांगायला हवं होतंत की हात चालत नाही. मी चौदा वर्षांची होते, पण एवढं मला कळलं असतं. आणि मी, मी तुमची बोटं बघितली होती.

काका आता कामोठ्याला भाड्याने राहतात, टॉवर होईपर्यंत. तिथून माझं घर जवळ. त्यांनी परत चहाला बोलावलं म्हणून गेले, मग पुढच्या रविवारी पुन्हा गेले. हे पत्र लिहायला बसले तेव्हा मनात होतं की लिहून झालं की त्यांना वाचायला द्यायचं. तुम्हाला नाही कळलं, निदान त्यांना कळू दे, की सोडला नव्हता. इथवर लिहिलेलं दोन रविवार पर्समध्ये घेऊन गेले आणि घेऊन आले. गेल्या वेळी शेजारच्या आजी आल्या होत्या, त्यांना काकांनी माझी ओळख करून दिली. म्हणाले, "ही तिची विद्यार्थिनी. एवढ्या मुलींतून ही एकटी आली." आजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

पत्र मी देणार नाही, बाई. त्यांना त्रास होईल म्हणून नाही. त्या घरात मी तुमची चांगली विद्यार्थिनी आहे, आणि मला ते आवडायला लागलंय.