आई सुखात कुठे होती

शनिवार, २२ जून. पोर्टस्कॅथो

आईला मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलं — म्हणजे तिच्या राखेला. लॉरेन म्हणाली, "पट्टा कशाला? आता आणखी काय व्हायचंय तिला!" दोघी हसलो. स्टोकपासून सहा तास. लॉरेनने चार वेळा रस्ता चुकवला आणि चारही वेळा चूक माझीच निघाली. थोरली बहीण ना!

आईची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. मार्चमध्ये ती गेली तेव्हा वकिलाने हातात दिली. "सुट्टीत मी जिथे सुखात होते तिथे माझी राख सोडा. तुम्हा दोघींना माहीतच आहे." बस, एवढंच.

आम्हाला काहीही माहीत नाही! लहानपणी दर उन्हाळ्यात स्टोकमधल्या सगळ्या कपबशांच्या भट्ट्या पंधरा दिवस बंद राहायच्या, तेव्हा बाबा, आई आणि आम्ही दोघी ह्या किनाऱ्यावर यायचो. भाड्याची कॅरॅव्हॅन, चाकांवरचं घर. पण किनारा केवढा, गावं किती! लॉरेन म्हणते मेव्हागिसी. मी म्हणते पोर्टलो. पुढच्या शनिवारी हे भाड्याचं घर रिकामं करायचंय. तोवर ठरलं पाहिजे.

रविवार, २३ जून

मेव्हागिसी. धक्क्यावर एक खेकडेवाला बसला होता. माझ्या पिशवीकडे बघून म्हणाला, "आई की बाबा?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"लाडके, उन्हाळ्यात आठवड्याला तीन तरी येतात. पिशवी अशी पोटाशी धरून. सगळ्यांच्या आया इथेच सुखात होत्या म्हणे. माशांनाही आता कंटाळा आलाय." (इथे सगळेच सगळ्यांना लाडके म्हणतात. बसचा ड्रायव्हरसुद्धा.)

लॉरेनने राखेच्या बरणीचं झाकण फिरवायला घेतलं. मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, इथे तर आईने बाबांशी तीन दिवस अबोला धरला होता. "तो पोर्टलोला!" "पोर्टलोला नाही, इथेच, ह्याच धक्क्यावर!" "तुला काय आठवतंय, तू सात वर्षांची होतीस." "आणि तू पाच!" खेकडेवाला मजा बघत होता.

शेवटी आई पिशवीतच राहिली. आम्ही पेस्टी, मांस-बटाट्याच्या भल्यामोठ्या करंज्या, खाल्ल्या, एका बाकावर, दोन टोकांना.

सोमवार, २४ जून

पोर्टलो. उतार एवढा की गुडघे बोंबलायला लागले. मी लॉरेनला जागा दाखवली — इथे आई स्कर्ट वर खोचून पाण्यात उभी होती, खळखळून हसत होती. अगदी डोळ्यांसमोर आहे माझ्या! लॉरेन म्हणाली, "ती डोरिस मावशी होती, हेझल. ती एकदाच आली होती आपल्याबरोबर. आई पाण्यात कधी उतरली?"

मला वाटतं तिचं बरोबर आहे. पन्नास वर्षं मी आईला मावशीचं हसू लावून बसले होते.

परत आल्यावर चहाबरोबर लॉरेनने फोटो ठेवलेला बिस्किटांचा डबा काढला. म्हणाली, फोटोच सांगतील. सांगितलं! बाबा वाळूत. बाबा होडीत. आम्ही दोघी बादल्या घेऊन. आई — कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बटाटे सोलताना. आई आमचे ओले पोहण्याचे कपडे पिळताना. आई एका शेगडीपाशी, चौघांचं तीन वेळा रांधायचं असल्यासारखा चेहरा करून. तसंच तर होतं! पंधरा दिवस एका शेगडीवर. ही कसली तिची सुट्टी?

लॉरेन म्हणाली, "डोळ्यांवर ऊन आलंय म्हणून तशी दिसते."

प्रत्येक फोटोत ऊन, लॉरेन?

डब्याच्या तळाशी एक घडी घातलेला कागद निघाला. ट्रूरोच्या कॅथेड्रलमधल्या सायंप्रार्थनेचा, जून २०१२चा. मागे आईच्या अक्षरात: पांढरी ग्लॅडिओला, सहा. लांब देठ.

२०१२च्या जूनमध्ये आई लँडुड्नोला होती, इथून पार दुसऱ्या टोकाच्या किनाऱ्यावर. बाबा गेल्यापासून दर जूनमध्ये ती चॅपेलच्या बायकांबरोबर आठवडाभर लँडुड्नोला जायची. मीच तिला स्टेशनवर सोडायचे! तिची बॅग मी उचलायचे. चॅपेलच्या बायका कुठे आहेत म्हटलं की, "पुढे क्रू स्टेशनवर चढतील."

लॉरेन म्हणते कोणीतरी पुरुष असणार. एक्क्याऐंशीव्या वर्षी? "का नाही? ऑर्गन वाजवणारा असेल. पायपट्ट्या दाबून दाबून त्यांचे पाय दणकट असतात." हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेना.

मंगळवार, २५ जून

ट्रूरोला जाताना आठवलं. बुधवार! सुट्टीतल्या दर बुधवारी आई सकाळच्या बसने एकटीच ट्रूरोला जायची. "सामान आणायला." संध्याकाळी यायची ती केशर घातलेल्या बनांचं एक पुडकं घेऊन. एवढ्याशा सामानाला अख्खा दिवस कसा लागतो, हे आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही. आम्हाला बन मिळत होते.

कॅथेड्रलमध्ये दाराशी एक ऐंशीच्या घरातल्या बाई फुलं लावत होत्या. मिसेस नॅन्कॅरो. मी मोबाइलवर आईचा फोटो दाखवला, चष्मा लावलेला, शेवटच्या ख्रिसमसचा. त्यांचा चेहरा फुलला.

"अगंबाई, मिस पेंबर्टन! कशी आहे?"

मिस! पेंबर्टन हे आईचं माहेरचं नाव.

"वर्षानुवर्षं यायची हो, जूनमध्ये एक आठवडा. आमच्या फुलांच्या बायकांत तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. आणि काय हसायची! उगाच कशावरही. मागच्या बाकावर हसत होतो म्हणून एकदा आमच्या पाद्रीबाबांनी, कॅननसाहेबांनी, आम्हाला गप्प करायला माणूस पाठवला होता. गेली तीन-चार वर्षं दिसली नाही. वाटलं, एकटा जीव, कुणी बघणारं नाही —"

"एकटा?" लॉरेन म्हणाली.

"म्हणजे काय, नवरा ना मूलबाळ. तिनेच सांगितलं होतं. आम्ही परत कधी विचारलं नाही. कशाला दुखवा?"

माझ्या तोंडून एवढंच निघालं: "ती गेली. मार्चमध्ये." आणि मी हुंदके द्यायला लागले, तिथेच, फुलांच्या बादलीपाशी. त्यांनी मला जवळ घेतलं. "फार जीव होता ना तुमचा तिच्यावर," म्हणाल्या. लॉरेन माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आली.

बुधवार, २६ जून

मूलबाळ नाही.

बुधवार, दुपार

लिहून काढलं तर बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत. शेवटची सहा वर्षं मी तिच्या पायाची नखं कापली. रोज सात वाजता फोन. दर रविवारी जेवण डब्यात घालून तिच्याकडे. दातांच्या दवाखान्यातली माझी नोकरी मी अर्धवेळ केली, तिच्यासाठी. लॉरेनला लीड्सहून फक्त ख्रिसमसला यायला जमायचं, पण आई कौतुक कुणाचं करायची? लॉरेनचं! ते मी गिळलं. पण हे? आम्ही दोघी नव्हतोच?

लॉरेन सकाळपासून धुमसतेय. "मी उद्या जाते आणि सांगते त्या बाईला. जन्माचा दाखला मागवते. आईला माझ्या वेळी टाके किती पडले होते तेही सांगते!"

मी म्हटलं, आईला परत स्टोकला नेऊ. बाबांशेजारी ठेवू. बसू दे तिथे.

लॉरेन म्हणाली, "बाबांशेजारी? शिक्षा म्हणून?"

मी हो म्हटलं. तेव्हा तसंच वाटत होतं.

गुरुवार, २७ जून

एकटीच ट्रूरोला गेले. कशासाठी ते सांगता येत नाही. भांडायला म्हणून निघाले होते, पण कुणाशी?

साडेपाचला सायंप्रार्थना. मी देवाची फारशी नाही. मागच्या बाकावर बसले, पर्स मांडीवर, जबडा आवळून. गायनवृंदातल्या मुली गायला लागल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थाने पुस्तिका दिली, पान उघडून दिलं आणि निघून गेला. मी कोण, कुठली, कुणाची — कुणी विचारलं नाही. कुणाला माझ्याकडून चहा नको होता. मुलाचा फोन नाही, नातवाला शाळेतून आणायचं नाही, दवाखान्यात कुणाची दाढ नाही. फोन पर्सच्या तळाशी बंद पडला होता आणि मी तो चालूही केला नाही.

संपलं तेव्हा पाऊण तास झाला होता. मला वाटलं दहा मिनिटं. इतकं हलकं मला कधी वाटलं होतं, आठवत नाही. स्वतःचाच भयंकर राग आला!

बाहेर मिसेस नॅन्कॅरो भेटल्या. प्रार्थनेनंतर मिस पेंबर्टन रोज नदीकडे चालत जायची म्हणाल्या, माल्पासच्या रस्त्याने, आणि भरती येईपर्यंत बसायची. मला घेऊन गेल्या. नदी कसली, नुसता चिखल! ओहोटी. बगळे आणि कलंडलेल्या होड्या. मी तोंड वाकडं केलं असणार, कारण त्या म्हणाल्या, "पाणी येतं हो परत. ती म्हणायची, इथे घाई कुणालाच नसते."

मग हळूच विचारलं, "तिची राख... कुणाकडे आहे?"

मी खरं सांगितलं. माझ्याकडे आहे. गाडीत.

"शनिवारी दुपारी तीनला भरती आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही फुलांवाल्या तिघी येऊ का? चालेल तुम्हाला?"

हो म्हणून बसले!

शुक्रवार, २८ जून

लॉरेनला सांगितलं. वाटलं होतं तांडव करेल. उलट खूश! "छान. तिघी एकदम मिळतील. तिथेच सांगते, आईच्या देखत. आपण कोण ते कळू दे त्यांना." चौघांचा कॅरॅव्हॅनपुढचा फोटो तिने पर्समध्ये टाकला. निळा कोट इस्त्री केला.

मी अडवलं नाही. अडवू का? तिचं म्हणणं चूक नाही. खोटं आईने सांगितलं, आम्ही नाही. मग खरं सांगायला आम्ही का लाजावं?

दिवसभर ती चिठ्ठी काढून वाचतेय. तुम्हा दोघींना माहीतच आहे. तिला खरंच वाटत होतं का की आम्हाला माहीत आहे? की सगळं माहीत असून आम्ही चालवून घेतोय, असं समजून ती दर जूनमध्ये गाडीच्या खिडकीतून हात हलवायची? की ही शेवटची थाप? मरताना कुणी थाप मारतं का! मला काही कळत नाही. आईविषयी मला काय काय माहीत आहे ते लिहायला बसले — बनवर आधी जॅम, मग साय; उलटं चालायचं नाही. डाव्या कानाने कमी ऐकू. लिफ्टची भीती. आणि मग पेन थांबलं.

लॉरेन विचारत होती, "आपण चांगल्या मुली नव्हतो का?" स्वयंपाकघरातून, पाठमोरी, कांदा चिरत. मी म्हटलं, होतो. फार चांगल्या होतो. त्यामुळेच तिला बुधवारखेरीज सवड मिळाली नसावी.

ती म्हणाली, "ह्याला काही अर्थ आहे का?"

नाही, बहुतेक.

शनिवार, २९ जून

नदी काठोकाठ भरली होती. मिसेस नॅन्कॅरो आणि दोघी जणी पांढरी ग्लॅडिओला घेऊन आल्या. वारा नव्हता. आई पाण्यावर पसरली आणि आत गेली. एक बाई रडत होती, माझ्यापेक्षा जास्त. मग मिसेस नॅन्कॅरोंनी माझा हात हातात घेतला. "इतक्या लांबून आणलंत तिला. आणि मी विचारलंच नाही — तुम्ही तिच्या कोण?"

लॉरेनने पर्स उघडली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

म्हटलं, "शेजारीण."

सगळ्या लॉरेनकडे वळल्या. तिने नदीकडे बघितलं. मग पर्स बंद केली.

"मी समोरच्या घरातली," ती म्हणाली.