पूजेला उशीर झाला ते दिवस

मंगळवार, ४ सप्टेंबर
हे सकाळीच कपाशीवर फवारणी करून आले. बोंडअळी यंदाही हटत नाही. कपडे धुतले. औषधाचा वास जाता जात नाही, दोनदा साबण लावला. दुसरी आंघोळ, मग पूजा. उशीर झाला. डोळ्यांतून सारखं पाणी, निरांजनाची वात दोनदा हुकली. देवा, क्षमा असावी.
साबणाची नवी वडी काढली.

शनिवार, ८ सप्टें.
अर्चू यवतमाळहून दुपारच्या एस.टी.नं आली. पोर वाळली. बायोकेमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष, त्यात हा प्रकल्प. मागच्या महिन्यात तिच्या कॉलेजची माणसं गावात आली होती. फवारणी करणाऱ्यांचं रक्त घेतलं, अन् ताडून पाहायला आम्हा घरच्या बायांचं, कारण आमचा औषधाशी संबंध नाही. मीही दिलं, फॉर्मवर सही केली.
आता अहवाल लिहायचा. कॉलेजसाठी इंग्रजीत, आणि एक पान मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला. तिचे सर म्हणतात, लोकांना सांगता आलं नाही तर काम अर्धंच झालं.
मी तूर निवडत बसले होते. म्हणाली, "आई, मी वाचतो, जिथं समजत नाही तिथं थांबव मले."
म्हटलं, थांबवणार नाही, तुझी लय तुटते. कागद पुढ्यात ठेव, अडलं त्या ओळीवर दाणा ठेवते.
पान दाण्यांनी भरलं. तिचं तोंड उतरलं. हे खाटेवरून म्हणाले, "बापा, याचं तं वरण होते!"

रविवार, ९ सप्टें. पोळा
सकाळी बैलांची पूजा, पुरणपोळी. दुपारी पुन्हा तेच पान. "एन्झाइम" वर दाणा ठेवला. तिनं समजावलं – एक नस दुसऱ्या नसेला निरोप देते, काम झाल्यावर तो निरोप पुसून टाकणारं रक्तात काहीतरी असतं. फवारणीचं औषध त्यालाच जखडून ठेवतं. मग माणसाला घाम, चक्कर, अंधारी.
म्हटलं, विकर म्हण की. आम्हाला दहावीत होतं.
तिनं लगेच लिहून घेतलं. इतक्या वर्षांनी माझी दहावी कुणाच्या कामी आली.

बुधवार, १२ सप्टें.
फवारणी. कपडे, दुसरी आंघोळ, पूजेला उशीर. उद्या गणपती बसायचे, मखर बाकी. डोकं जड.

शनिवार, २२ सप्टें.
अर्चू नवं पान घेऊन आली. आता छान वाहतं. एकही दाणा न ठेवता अर्ध्यापर्यंत आले.
मग ही ओळ – "घरातील स्त्रियांचा औषधाशी संबंध येत नाही." आणि खाली – दोन्ही गटांत फारसा फरक नाही, म्हणून फवारणीचा रक्तावर परिणाम दिसला नाही.
मी पहिल्या ओळीवर दाणा ठेवला.
"हे तं सोपं आहे आई. काय नाही समजलं?"
"समजलं. म्हणूनच ठेवला. तुझ्या बाबांचे कपडे कोण धुते?"
तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग हळूच, "फॉर्मवर तूच सही केली न. संबंध नाही म्हणून. काहून केली?"
फवारणी हे करतात. माझं काय, धुणं. धुण्याला मी काम धरलंच नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. पण सही माझी आहे. हे पान फळ्यावर लागलं असतं तर गावानं म्हटलं असतं, पाहा, काही होत नाही.
देवापुढे बसले. आज मन लागलं नाही.

रविवार, २३ सप्टें.
तिनं सरांना फोन केला. सरांचा आवाज मलाही येत होता, रागावलेला नव्हता, थकलेला होता. अहवाल द्यायला दहा दिवस उरलेत. घरच्या बायांचा गट मोडला तर ताडायला काही उरत नाही, प्रकल्प पुढच्या सत्रात पुन्हा. "आणि नुसत्या सांगण्यावर कसं लिहायचं? लेखी काय आहे?"
फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "आई, तुही वही. तू रोजचं तारखेनं लिहिते न."
मी नाही म्हटलं. या वहीत माझं अन् देवाचं आहे. ह्यांच्याशी अबोला धरला ते दिवस आहेत. लेकीनं वाचावं असं नाही.

सोमवार, २४ सप्टें.
पहाटे पूजेनंतर वही तिच्या हातात दिली. म्हटलं, पूजेला उशीर जिथं लिहिलं तेवढंच पाहा.
तिनं तेवढंच पाहिलं. मला वाटतं तेवढंच. रक्त दिलं त्याच्या आदल्या दिवशीही दुसरी आंघोळ होती.
ती म्हणाली, पण एकटीच्या वहीनं भागत नाही.

रविवार, ३० सप्टें.
दोघी घरोघर गेलो, ज्या बायांनी रक्त दिलं त्यांच्याकडे. एकच प्रश्न. शेजारची शांताबाई हसायलाच लागली. "हे काय इचारनं झालं वो? मीच धुतो न! का तुह्या काकाले नदीवर धाडू?" मग अर्चूनं विचारलं, कोणत्या दिवशी? "दिवस कोन लिहून ठेवते माय."
सगळ्यांचं हेच. धुतात सगळ्या, दिवस कुणालाच सांगता येत नाही. लेखी आहे ती माझी वहीच.
घरी येऊन तिनं ती ओळ बदलली. आधी फार वळसे घेतले, "असे असण्याची शक्यता नाकारता येत नाही" वगैरे. मी दाणा ठेवला. खोडलं. मग लिहिलं – "घरच्या स्त्रिया औषधापासून दूर आहेत, असे आम्ही धरले. ती आमची चूक होती. फवारणीचे कपडे त्याच धुतात. म्हणून परिणाम होत नाही, असे आम्ही म्हणू शकत नाही."
दाणा माझ्या बोटांतच राहिला.
विचारलं, सरांनी घेतलं नाही तर? वर्ष लांबलं तर?
म्हणाली, "मंग तूर आणखी निवडून ठेव."

मंगळवार, २ ऑक्टो.
हे सुट्या कागदावर लिहिते आहे. वही सकाळच्या गाडीनं अर्चूबरोबर गेली, सरांना दाखवायला. वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. देवघरात वहीची जागा रिकामी दिसते.
हे फवारणीहून आले. कपडे मोरीजवळ काढून ठेवले. मी हात लावला नाही. पूजा वेळेवर झाली.
दुपारी पाहिलं, कपडे तिथंच. चार वाजता पाहिलं, तिथंच. ह्यांनीही पाहिलं. बादली भरली.
"साबण कुठं ठेवते तू?"
एवढ्या संसारात पहिल्यांदा विचारलं. वडी काढून दिली, पण म्हटलं, उघड्या हातानं नको, तुमचंही रक्तच आहे. प्लास्टिकच्या पिशव्या शोधून हातांना बांधून दिल्या. एकीला भोक होतं, ती बदलली.
अर्चूचा फोन अजून नाही.