कोरड्या पेल्याचा वास

कोडोली, बुधवार

प्रिय संयू,

पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर चिकटपट्टी का मारलीय, हा प्रश्न तुला पहिल्यांदा पडला असेल. सांगतो, पण शेवटी. तोवर एवढं कर. स्वयंपाकघरात बसून वाचू नको, फोडणी चालली असेल तर बाहेरच्या खोलीत जा, आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्याला हात लावू नको. पेन सोडून शिसपेन्सिल धरलीय त्यालाही कारण आहे. म्हातारा चळला म्हणशील. म्हण की! कोडोलीहून गारगोटीला फोन लागतो हे मलाही ठाऊक आहे, पण हे काम फोनवर होणारं नाही.

बातमी अशी की भट्टी विकायची ठरली. तांब्याची भट्टी, पिंपं, पुढचं चाखणघर, बाटलीवरचं 'चुलवाण' हे नाव, सगळं. तू दचकली असशील. गुऱ्हाळातल्या काकवीची रम करायची म्हणून ज्यानं साखर कारखान्यातली केमिस्टची नोकरी सोडली, अख्ख्या भावकीच्या शिव्या खाल्ल्या, लोकांनी 'दारूवाला आबा' म्हटलं तरी मान खाली घातली नाही, तो हे सगळं विकतोय कशाला? आबा दमले, असं मी सगळ्यांना सांगितलंय. दिवाळीत तू तब्येतीचं विचारलंस तेव्हा तुलाही तेच सांगितलं. तूर्त तेच धरून चाल. घेणारा मोहित नावाचा पुण्याचा तरुण आहे, बोलायला गोड, पायातले बूट माझ्या गाडीपेक्षा स्वच्छ. येत्या सोमवारी कोल्हापुरात सह्या आहेत. आणि मला त्या माणसाचा भयंकर संशय येतोय.

किंमत पाडून मागितली म्हणून नव्हे. उलट त्यानं काहीच पाडून मागितलं नाही. अगं, म्हैस घ्यायला आलेला माणूस आधी शिंगं वाकडी आहेत म्हणतो, मग सड बघून तोंड वाकडं करतो, मग नको म्हणून चार पावलं चालायला लागतो. रीतच आहे ती. नावं ठेवतो तोच खरा घेणारा. हा पठ्ठ्या इतक्या वेळा येऊन गेला, पण नाव ठेवायला तयार नाही. चाखणघराचं छप्पर गळतं ते मी मुद्दाम दाखवलं, तर म्हणतो, 'आबा, लोक यालाच तर भुलतात.' गळक्या पत्र्याला? कोपऱ्यातलं पिंप झिरपतंय म्हणालो, तर त्या डागाचा फोटो काढला. आता तूच सांग, गळक्या पत्र्यावर खूश होणाऱ्या माणसाच्या पोटात काय असेल?

त्याची अट ऐक. जागा त्याची, माल त्याचा, पण पुढची दोन वर्षं मी रोज यायचं, आणि मी हुंगून पास केल्याशिवाय एकही घाणा बाटलीत भरायचा नाही. 'आबा, तुमचं नाक म्हणजेच चुलवाण. बाकी काय, तांबं आणि लाकूड,' असं म्हणाला. नुसतं म्हणाला नाही, वकिलाकडून कागदात कलम घालून आणलं. धंदा विकत घेणारा माणूस म्हाताऱ्या मालकाला आधी दार दाखवतो, दुसऱ्याच दिवशी त्याची खुर्ची हलवतो. ह्याला मी पाहिजे, आणि त्यातही माझं नाकच पाहिजे. कुणी काय सांगितलंय ह्याला? ते कलम वाचल्यापासून माझी झोप उडालीय.

मग मी आपल्याच माणसांकडं बघायला लागलो. भट्टीवरचा गुंडू तुला माहीत आहे, पहिल्या दिवसापासनं आहे. 'व्हय' आणि 'न्हाय' यापलीकडं कधी शब्द काढला नाही त्यानं. हल्ली मी वास घ्यायला पेला उचलला की हा शेजारी येऊन उभा, आणि मी तोंड उघडायच्या आत आपणच म्हणतो, 'आबा, ह्यो जरा करपट वाटतोय न्हवं?' नाहीतर, 'ह्यो बरा उतरलाय की.' मला वाटलं, मोहितनं फोडला. पुढच्या मालकाकडं नोकरी पक्की करायला हा माझी परीक्षा घेतोय. तानाबाईचं तर वेगळंच. चाखणघरात पाहुण्यांना सुकं मटण आणि भाकरी करून घालणारी बाई, ती आता रोज घरी येऊन माझ्या गॅसचं बटण बघून जाते. परवा दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. ही फाटकातनंच ओरडत आली, 'आवं आबा, मी पार रस्त्याला हुतो, तितं वास आला मला! तुमी हितं बसून काय करत हुता?' म्हटलं, डोळा लागला होता. ती माझ्या हातातल्या पेपरकडं बघत राहिली. तेव्हापासनं तिच्यावरही माझा संशय आहे.

तुला ते सकाळचे पेले आठवतात का गं? चाखणघर नवं होतं, तू कॉलेजात होतीस. पाहुणे गेले की पेले धुवायचे नाहीत, हा माझा नियम. तळाला थोडी राहील तशीच ठेवायची आणि सकाळी कोरडे पेले हुंगायचे. भरल्या पेल्यात कुणीही फसतं, नाकाला झिणझिण्या येतात, रंग दिसतो, सोबत चार माणसं हसत असतात. रात्रीत दारू उडून जाते, आणि मागं राहतं तेच तिचं खरं असतं. तू ओल्या केसांनी, बस चुकेल म्हणून घाई करत यायचीस, डोळे मिटून एकेक पेला नाकाला लावायचीस आणि सांगायचीस, ह्याला भाजलेल्या शेंगांचा वास, ह्याला नव्या वहीचा, ह्याला आईच्या ट्रंकेचा. माझी सगळी उमर कारखान्यात गेली, पण मला आपलं 'बरा आहे' आणि 'जरा उग्र आहे' एवढंच सुचायचं. आणि लोक मात्र पहिल्याच दिवसापासनं, 'आबा, पहिल्या धारेची काढा की!' अरे बाबांनो, पहिली धार मी ओतून देतो, त्यात डोकं उठवणारं सगळं असतं, असं सांगून घसा बसला. अजून एकाला पटलेलं नाही.

आणि त्या उन्हाळ्यातलं ओलं पोतं? त्या रात्री मोठी मोठी मंडळी आली होती, हॉटेलवाले, वकील, पन्हाळ्यावरचे बंगलेवाले. सगळे वा वा करून गेले, एकानं तर मला मिठी मारली. सकाळी तू पेला हुंगलास आणि म्हणालीस, 'आबा, ओल्या पोत्याचा वास येतोय.' मी असा भडकलो की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले. चार दिवस तुझ्याशी बोललो नाही. आणि मग गुपचूप आंबवणाच्या टाकीचं झाकण उलटं करून बघितलं, तर खालनं बुरशीचा हा एवढा थर. सगळा घाणा ओढ्याकडच्या खड्ड्यात ओतला. तू हसलीस, मग मीही हसलो, आणि तुझी आई म्हणाली, बापाला वळण लावणारी एक तरी निघाली. एवढ्या माणसांत त्या दिवशी खरं बोललेली तू एकटी, हे मी कधी विसरलेलो नाही.

आता गेल्या गुरुवारचं सांगतो. मोहित आला तो स्वतःची बाटली घेऊनच. गुंडूला मी नेमकं बाजारात पाठवलं होतं. मोहितनं माझ्याकडं पाठ करून दोन पेले भरले आणि टेबलावर ठेवले. 'आबा, सांगा बघू, यातली आपली कुठली?' हसत हसत. मी एक पेला उचलला, उजेडात धरला, फिरवला, हुंगला, दुसरा उचलला, पुन्हा पहिला. जिभेवर धरली तर एक जरा गोडसर आणि दोन्ही जळजळीत. शेवटी म्हटलं, 'डावीकडली जरा लाकडानं पुढं आलीय.' हे वाक्य जगातल्या कुठल्याही रमला चालतं. तो म्हणाला, 'वा!' आणि पेले उचलून घेऊन गेला. माझं बरोबर आलं का चूक, ते आजपर्यंत सांगितलेलं नाही. तो 'वा' माझ्या घशात अडकलाय, माशाच्या काट्यासारखा. लबाड असता तर तिथंच किंमत पाडली असती. सरळ असता तर कुठली आपली ते सांगितलं असतं. मग हा आहे तरी कोण?

तुला आतापर्यंत कळलं असेल. तू शाळेत रसायनशास्त्र शिकवतेस, दोन आणि दोन चार हे तुला सांगायला नको. संयू, मला वास येत नाही. लिहून टाकलं एकदाचं. दसऱ्याच्या सुमारास ताप आला, तो गेला आणि जाताना हे घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी. ओव्याची पुरचुंडी झाली, निलगिरी झाली, गरम पाण्यात तोंड घालून बसलो. मग मिरजेच्या डॉक्टरकडं गेलो. कोल्हापूरला गेलो नाही, कारण तिथले निम्मे डॉक्टर आपल्या चाखणघरात येतात. तोंडाला मास्क लावून कोपऱ्यात बसलो आणि नावही दुसरंच सांगितलं. म्हणाले, शीर दुखावलीय, येईल किंवा येणार नाही, या वयात आशा धरून बसू नका. मोगरा, शेण, फिनेल, सगळं मला आता एकच आहे. तुझ्या आईची शाल ट्रंकेत होती, तीही काढून बघितली. पुन्हा ती ट्रंक उघडली नाही.

म्हणून विकतोय. दमलो बिमलो काही नाही. पण धाकधूक विकण्याची नाही, ती वेगळीच आहे. पहिली धार कुठं तोडायची, हे मी नाकानं ठरवायचो. दसऱ्यापासनं थर्मामीटरवर ठरवतोय, आणि भीतीपोटी जास्तच ओतून देतोय. त्यामुळं अपायकारक काही गेलेलं नाही, प्रयोगशाळेचा दाखला प्रत्येक वेळी आलाय, त्याची काळजी करू नको. पण अपाय नसणं म्हणजे चांगलं असणं नव्हे. त्यानंतर भरलेली सगळी पिंपं मी हाताच्या सवयीनं भरलीत, कुठली कशात मिसळायची तेही अंदाजानं. लोक वा वा करतायत. ओल्या पोत्यालाही करतच होते. गुंडू बरा उतरलाय म्हणतो, पण तो आता माझ्यावर दया करतोय का खरं सांगतोय, हे मला ओळखता येत नाही. संशय घेत सुटलोय झालं, मोहितवर, गुंडूवर, त्या बिचाऱ्या तानाबाईवर. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! लंगडी म्हैस कदाचित मीच विकायला काढलीय, आणि गिऱ्हाईक चांगलं वागतं म्हणून मीच त्याच्यावर डाफरतोय. नाकाचं मी मोहितला सोमवारी सहीच्या आधी सांगणार आहे, ते ठरलं. मग त्यानं कलम काढावं नाहीतर कागद फाडावा. पण माल कसा आहे विचारलं तर मी काय सांगू? बाटलीवर नाव आपलं आहे, आणि बाटलीत काय आहे ते मला माहीत नाही.

मी स्वतः आलो असतो गारगोटीला, तासा-दोन तासांची तर वाट. पण तू माझं तोंड बघितलंस की गोड बोलशील, आणि तुझं गोड बोलणं मला परवडणारं नाही. म्हणून हे पत्र. काल संध्याकाळी या कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर दसऱ्यानंतरच्या पिंपातले थोडे थेंब सोडले आणि रात्रभर वाळू दिलं, आपल्या पेल्यांसारखं. शाईचा वास नको म्हणून पेन्सिल, साबणाचा नको म्हणून नुसत्या पाण्यानं हात धुतले, आणि एसटीनं येताना पाकिटाला कुणाच्या डब्यातल्या चटणीचा लागू नये म्हणून प्लास्टिक. कोपरा पिवळा दिसतोय तो चहाचा डाग नाही. आता डोळे मीट आणि तो नाकाला लाव. पोतं असेल, तर 'पोतं' एवढाच शब्द सोमवारच्या आत कळव. मी सगळी पिंपं खड्ड्यात ओतीन, आणि मोहितला रिकामी भट्टी विकीन. आणि पोतं नसेल, तर 'छान आहे आबा' असं लिहू नको. ते सगळेच म्हणतात, माझा विश्वास बसायचा नाही. कशाचा वास आला ते लिही. शेंगांचा असेल तर शेंगांचा, वहीचा असेल तर वहीचा, ट्रंकेचा असेल तर ट्रंकेचा. घाई करू नको, पानभर लिही. माझी रम कशी झालीय, ते मला आता तू लिहिशील तेवढंच कळणार आहे.

वाट बघणारा, तुझाच
आबा