भाग दोन आणि आमचा भुईमूग

कासार आंबोली

विहीणबाई सारजाबाई यांना इंदूबाईचा मनापासून जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमची साखर ताब्यात असेल आणि व्याहीबुवांची कंबर त्यांना टीव्हीसमोरून उठू देत असेल, अशी आशा करते. फोन करता आला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुमची तृप्ती तुमच्याकडून सगळं काढून घेते, म्हणून हे पत्र.

झालं असं. गेल्या रविवारी मी हिंजवडीला आमच्या अनिकेतकडे गेले, तर गौतमीने हातच धरला, आजी, सिनेमाला चल. ते रानडुकराच्या पिल्लाचं कार्टून, ज्याचा पहिला भाग तुम्ही तिला दाखवलात (तेव्हा तुम्ही पदर भिजेपर्यंत रडलात, हे ती आल्यागेल्याला सांगते), त्याचा दुसरा भाग आलाय. अनिकेत म्हणतो, दुसऱ्याने पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमवला. का नाही जमवणार? पहिला बघितलेलं पोर दुसऱ्याला एकटं थोडंच जातं, घरातलं एक माणूस ओढून नेतं. आम्ही चौघं गेलो, तर थिएटर गच्च. पोरांच्या अंगात डुकराचे शर्ट, गळ्यात डुकराच्या बाटल्या, मागच्या रांगेतल्या एका बाईच्या पर्सलाही शेपूट. विहीणबाई, जे आमच्या रानात फुकट येतं, ते बघायला एवढी माणसं तिकीट काढून आली होती!

तुम्ही शहरातल्या, म्हणून सांगते. गेल्या साली या जमातीने आमची भुईमुगाची अख्खी पट्टी उकरली. गौतमीचे आजोबा मचाणावर बसून डबा बडवत होते, ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला. आता सिनेमात काय, तर ते गब्दू नावाचं पिल्लू आईला शोधत एका शेतात शिरतं आणि शेतकरी डबा बडवत त्याच्यामागे धावतो. हुबेहूब आमचे हे! तोच मफलर, तीच बॅटरी. आणि सगळं थिएटर त्यांच्यावर ओरडतंय. मला राहवलंच नाही. उभी राहिले आणि म्हटलं, “आरं हाण की त्याला, शेंगा खाऊन चाललंय त्ये!”

पुढच्या रांगेतल्या सगळ्या माना मागे वळल्या. (एक तान्हं बाळ तर रडायलाच लागलं.) गौतमीने माझ्याकडे बघितलं. “आजी, तू व्हिलनच्या बाजूने आहेस?” मी म्हटलं, “बाळा, त्यो व्हिलन न्हाई, त्यो शेतकरी हाय.” “आणि पहिलं शील? कुठल्याच जिवाला मारायचं नाही, हे विहारात तूच शिकवलंस ना?” विहीणबाई, मी पदर सावरून खाली बसले.

मध्यंतरात पॉपकॉर्न तिने तृप्तीच्या हातून खाल्ले, माझ्या हातून नाही. परत येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. तेव्हापासून फोन केला की गौतमी अभ्यास करतेय म्हणतात (पहिलीत कसला आलाय एवढा अभ्यास!). उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला येणार नाही म्हणते, कारण इथे गब्दूला मारणारी माणसं राहतात. मी तिची उशी उन्हात टाकून ठेवली आहे. तिच्याशिवाय मला करमत नाही, हे तुम्हाला म्हणून लिहिते.

शेवटी त्या पिल्लाला आई सापडते तेव्हा मीही रडले. पण अंधारात कोणी बघितलं नाही, आणि नंतर सांगितलं तर नाटक वाटेल.

ह्यांचा व्याहीबुवांना जयभीम.

तुमची,
इंदूबाई

ता. क. खरं काम लिहायचंच राहिलं. तिसरा भाग दिवाळीला येतोय (दुसरा अजून उतरला नाही, पण गल्ला बघून तिसऱ्याची जाहिरात लागलीसुद्धा). गौतमी म्हणते, तो विश्रांतवाडीच्या आजीबरोबरच बघणार. तर त्या दिवशी तुम्हाला थोडी सर्दी होऊ द्या. जास्त नको, सिनेमापुरती. मी तिला घेऊन जाईन आणि तोंडातून शब्द काढणार नाही.

आणखी एक ता. क. वरचं ह्यांनी वाचलं. म्हणाले, “त्या बाईला कशापायी आजारी पाडतीयास? तिघी मिळून जावा की.” खरं आहे. सर्दी राहू द्या. गौतमीला मध्ये बसवू. तुम्ही दोघी डुकराकडे बघा, मी तिच्याकडे बघत बसेन. मग विचारू दे तिला, आजी कोणाच्या बाजूने आहे ते.