पांढऱ्या गाडीवरची हळद

कोल्हार,
डिसेंबर १९७२

प्रिय रंगनाथ यांस,

तुमचं पत्र पोचलं. पुंजाराम पोस्टमनने ते थेट शाळेतच आणून दिलं, आणि पाकिटावरचं अमेरिकेचं तिकीट नेहमीप्रमाणे मागून घेतलं. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. गाड्यांची नक्की काय अवस्था आहे, आणि जानेवारीत येताय तर लग्नाची तारीख कोणती धरायची. आधी गाड्यांचं सांगते, कारण तुम्हीही आधी तेच विचारलंत. लग्नाचं चौथ्या पानाच्या तळाशी होतं. मीही ते तळाशीच ठेवते.

पांढरी इम्पाला सोडली तर बाकी गाड्या होत्या तशाच आहेत. फिकट निळी थंडरबर्ड, लांब शेपटीची काळी कॅडिलॅक, ती तपकिरी शेव्हरलेट, सगळ्या वीतभर लांबीच्या हुबेहूब प्रतिकृती, माझ्या अण्णांनी करून घेतलेल्या काचेच्या कपाटात. तुमच्या सूचना मी तोंडपाठ केल्या होत्या. ऊन लागू द्यायचं नाही, ओलं फडकं लावायचं नाही, खोक्यांचे कोपरे दुमडू द्यायचे नाहीत, कुणाला हातात द्यायच्या नाहीत. तुमची तिथली खोली लहान, म्हणून दर वर्षी घेतलेली एक गाडी तुम्ही आमच्याकडे पाठवायचात. पहिली आली तेव्हा गाव लोटलं होतं. खऱ्या गाडीतलं काही म्हणून सुटलेलं नाही, इवल्याशा स्टिअरिंगवर कंपनीची खूणसुद्धा आहे, हे अण्णा भिंग घेऊन दाखवायचे. माझ्या वर्गातल्या मुली अजून चिडवतात, बाईंचं सासर खोक्यातून येतं, थोडं थोडं. मी हसते. मलाही गाड्यांची गोडी लागलीच होती. मागचे दिवे पाहून साल ओळखण्यात मी तुम्हाला हार जाणार नाही.

ही गोडी कुठून लागली ते तुम्हाला आठवतं का? आपली सुपारी फुटली त्या दिवशी पारनेरच्या तुमच्या मामांना एस.टी.त बसवून तुम्ही परत येत होतात आणि मी घागर घेऊन रस्त्याकडेला होते. मनमाड रस्त्यावर कुणाची तरी मोठी शेव्हरलेट तापून उभी होती. तुम्ही माझ्याकडे न बघताच घागर घेतलीत, पाणी रेडिएटरमध्ये ओतलंत आणि ड्रायव्हरबरोबर बॉनेटमध्ये डोकं घालून बसलात. मी रिकामी घागर घेऊन उभीच. शेवटी वर बघून म्हणालात, हिचा आवाज ऐका, मांजरीसारखी गुरगुरतेय. तुमच्या नाकाला काळं लागलं होतं. त्या क्षणी तुम्ही मला आवडलात, हे आज लिहायला हरकत नाही. ज्या माणसाला एखाद्या गोष्टीचा इतका लळा लागतो, त्याला आपलाही लागेल, असा माझा साधा हिशेब होता.

आता पांढऱ्या गाडीचं. खंडेनवमीला आमच्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. नांगर, विळे, खुरपी, विहिरीवरचं इंजिन, माझी सायकल, सगळ्यांना हळदीकुंकू. पाऊस नसल्याने इंजिन यंदा कोरड्या विहिरीवर नुसतंच उभं आहे, तरी त्यालाही झेंडूचा हार झाला. मी शाळेत होते. आईने कपाट उघडलं, गाड्या पाटावर ओळीने मांडल्या आणि त्यांचीही पूजा केली. बाकीच्यांना नुसतं फूल आणि अक्षता. पांढरी तुमची लाडकी, म्हणून तिला मानाची ओली हळद, टपावर बोटं भरून, आणि पुढ्यात नारळ. मी ओरडले तर म्हणाली, "वाहनं हाईत नव्हं? जावयाच्या गाड्या बिनपुजेच्या ठिवू व्हय?" मी लिंबू लावलं, साबण लावला, पण प्लॅस्टिकमध्ये मुरलेली हळद निघत नाही. शेजारच्या रंगुबाई म्हणाल्या, "पोरीच्या आधी गाडीला हळद लागली गं." सगळ्या हसल्या, मीपण हसले.

हे सगळं मी तुम्हाला पुढच्याच पत्रात कळवलं. लपवायचं कशाला? त्यावर हे पत्र आलं. चार पानं. इतक्या वर्षांत तुमचं इतकं मनापासूनचं पत्र मला आलं नव्हतं. ती गाडी किती शोधून मिळवली होतीत, तिच्यासाठी एका म्हाताऱ्याच्या घरी किती खेपा घातल्यात, डाग पडलेली गाडी जमवणाऱ्यांच्या लेखी कशी मातीमोल असते, हे सगळं, आणि हळदीचं वाचून त्या रात्री तुम्हाला जेवण गेलं नाही, असंही लिहिलंत. वाचताना मला खरोखर वाईट वाटलं. मग मी पत्र उलटून पाहिलं. पाकिटात आणखी एखादा कागद राहिला आहे का, तेही पाहिलं.

कारण माझ्या त्या पत्रात मी दोन बातम्या लिहिल्या होत्या. दुसरी अशी की दसऱ्यानंतरच्या आठवड्यात अण्णांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. हळदीच्या खालीच लिहिलं होतं, चांगलं मोठ्या अक्षरात. तुमच्या मामांना लिहिण्याचा कंटाळा, म्हणून मीच सगळं सविस्तर कळवलं. तुमच्या चार पानांत अण्णांचं नाव नाही. तुम्ही ते वाचलं नाहीत की वाचून विसरलात, हा विचार मी बरेच दिवस केला. दोन्हींतलं कोणतं बरं, ते मला ठरवता आलं नाही.

अण्णा आता थोडे बरे आहेत. नगरच्या डॉक्टरांनी उजव्या मुठीत काहीतरी धरायला द्या म्हणून सांगितलं होतं. रबरी चेंडू दिला तर त्यांनी डाव्या हाताने तो अंगणात भिरकावला. चेंडू खेळायला ते काय पोर आहेत? मग एके दिवशी ते नुसते कपाटाकडे बघत राहिले. मी पांढरी गाडी काढून त्यांच्या हातात दिली. नियम मोडायची एवढी एकच वेळ, आणि ती गाडी तशीही मातीमोल झाली होती. पहिले दिवस ती नुसती गोधडीवर पडून राहायची. मग बोटं वळायला लागली. आता बाजेच्या कडेने ते ती ढकलत नेतात आणि पायथ्याला अडली की माझ्याकडे बघतात, मी वळवून द्यायची. पुढचा बंपर तुटला आहे. परवा पहिला शब्द उमटला, "गाडी". आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "बघ, पूजा पावली."

आता तारखेचं. जानेवारीत पौष आहे आणि पौषात आपल्याकडे लग्नं होत नाहीत, इतकं तरी तुमच्या लक्षात राहील असं वाटलं होतं. पण माघातली, फाल्गुनातली, कोणतीच तारीख धरू नका. मी येणार नाही. अण्णा आजारी म्हणून पोरगी अडकली असं मामांना सांगू नका, ते खोटं होईल. अण्णा हिंडू-फिरू लागतील, आईला माणसांची कमी नाही. दर वर्षी तुम्ही "पुढच्या वर्षी" लिहिलंत तेव्हाही मी थांबले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. पण पत्रातल्या दोन बातम्यांपैकी एकीने तुमचं जेवण गेलं आणि दुसरी तुम्हाला दिसलीच नाही. तुमच्या घरी आले तर मला जन्मभर सगळं दोनदा सांगावं लागेल. मला तेवढा दम नाही. वाईट वाटतंय, खूप वाटतंय, पण मन बदलणार नाही. बाकीच्या गाड्या खोक्यांसकट कापसात बांधून ठेवल्या आहेत, एकाही खोक्याचा कोपरा दुमडलेला नाही. आलात की घेऊन जा, चहा घेऊन जा. पांढरी तेवढी मागू नका. ती अण्णांच्या हातात आहे.

आजवर तुमच्या गाड्या सांभाळणारी,
मनकर्णा