रॉकी नावाची हाक

एकलहरे, नाशिक

प्रिय संघर्ष,

तुझा मेसेज तुझ्या मॅनेजरच्या नंबरवरून आला, त्यामुळे आधी मला वाटलं कुणीतरी पुन्हा कर्ज द्यायला निघालंय. खाली ‘राखी, ओळखलंस ना?’ वाचलं तेव्हा उलगडा झाला. न ओळखायला काय झालं, या गावात कुठलीही वरात निघाली की तू कानाशी येतोसच. तर तुला आईची अजून एक हाक हवी आहे. या वेळी जरा लांब, शेवटी खाली न उतरणारी, आणि काकूंना जमलं तर दोन-तीन पट्ट्यांत. कंपनीला तुझ्या त्या ‘रॉकी’ गाण्याचा दुसरा भाग काढायचा आहे म्हणे. पुढे जोडलेले हात आणि एक लाल बदाम. मेसेजचं उत्तर मेसेजनं देता आलं असतं, पण तू हल्ली दोन ओळींच्या पुढे वाचत नाहीस असं लखनकडून कळतं. ज्याच्या गाडीवर तू पहिल्यांदा डीजे वाजवलास, त्याचेही मेसेज तू अर्धेच वाचतोस, मग माझं काय घेऊन बसायचं. म्हणून कागदावर लिहून कुरिअर करते आहे. पाकीट हातात पडलं की माणूस निदान फोडून तरी बघतो.

आधी जुनं बोलते, कारण ते तू सगळीकडे वेगळंच सांगत सुटला आहेस. आपण या वसाहतीत वाढलो, जिथे विजेच्या प्लांटची घरघर रात्रंदिवस चालू असते आणि माणसं साधं मीठ मागतानाही ओरडून मागतात. पुण्याच्या माझ्या मावसबहिणी आल्या की विचारायच्या, तुम्ही सगळे सारखे भांडत का असता. त्या घरघरीच्या वर जाणारा आवाज एकच होता, झुंबरबाईंचा, म्हणजे माझ्या आईचा. ती सायखेड्याची. लहानपणी वावरातून नदीपलीकडच्या माणसाला हाक मारायची सवय, ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आल्यावरही गेली नाही. ‘रा’ खाली धरायची, ‘खी’ वर फेकायची, लांबवायची आणि मग अलगद सोडून द्यायची. तिनं मला बोलावलं की मैदानावरची सगळी पोरं आपापल्या घरी जायची, बाकीच्या आयांना तोंड उघडावं लागायचं नाही. तिची नक्कल सगळ्यात छान तू करायचास. आईच्या समोर करायचास आणि वर तिच्याच हातची भाकरी खायचास.

मी पुण्याहून साउंडचा कोर्स करून परत आले तेव्हा तू लखनच्या गाडीवर जयंतीच्या मिरवणुका आणि हळदी वाजवत होतास आणि कावला होतास. सगळ्या डीजेंकडे तेच फुकट उतरवलेले आवाज, तीच पुंगी. तुला असा लीड हवा होता की गाडी अजून चौकाच्या पलीकडे असताना लोकांनी म्हणावं, संघर्ष आला. लीड म्हणजे गाण्याची धून वाजवणारा तो आवाज, जो बेस आणि ढोल यांच्या छाताडावर पाय देऊन वर उभा राहतो. किती आवाज बनवले मी तुझ्या जेलरोडच्या खोलीत बसून. लॅपटॉपवर करवतीसारख्या दोन लहरी एकमेकींपासून किंचित बेसूर ठेवायच्या, फिल्टर उघडायचा, बंद करायचा. हेडफोनमध्ये गोड वाटायचं आणि गाडीवर लावलं की बेसच्या खाली गायब. तू म्हणायचास, तुझा आवाज घरातला आहे, मला रस्त्यावरचा पाहिजे. मग एका संध्याकाळी आपण वसाहतीच्या मैदानावर असताना प्लांटमधून वाफ सोडत होते, शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि त्यातून आईची ‘खी’ आरपार आली. आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं तरी तू खोटं म्हणणार नाहीस अशी आशा आहे.

देवळाली कॅम्पच्या तुझ्या फोटोवाल्या मित्राकडून तू रेकॉर्डर आणलास. आईसमोर धरला तर तिनं पदर तोंडावर घेतला. दोनदा मारलेली हाक अगदी शाळेतल्या हजेरीसारखी निघाली. मग तीच म्हणाली, ‘पोरगी इथं पुढ्यात बसलीय अन् तिला काय हाका मारू? ती खरंच लांब पायजे. खोटी हाक मला नाय येत.’ म्हणून मी खाली उतरले, मैदान ओलांडून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिले आणि गॅलरीत तू तिच्याजवळ रेकॉर्डर धरून थांबलास. तिनं मारली. मी नकळत दोन पावलं घराकडे चाललेही होते. गाणं कशाचं, ते तिला कळलं नव्हतं. गाणं निघालं की आपण दोघांनी मिळून तिला ऐकवायचं, तोवर सांगायचं नाही, असं आपलं ठरलं होतं. आपण दोघांनी मिळून करायच्या अजूनही काही गोष्टी ठरल्या होत्या, त्या इथे लिहीत नाही.

त्या हाकेतून लीड मी बनवला. हे वाक्य मुद्दाम सुटं लिहिते आहे. ‘रा’मधला ‘आ’ आणि ‘खी’मधली ‘ई’ बारीक कापून मी त्यांच्या लहरी तयार केल्या आणि कीबोर्डची पट्टी दाबली की आवाज ‘आ’कडून ‘ई’कडे सरकेल असं जुळवलं. म्हणून तो तोंड उघडल्यासारखा वाटतो, म्हणून तो गर्दीत मरत नाही. थरथरीवरून आपलं कडाक्याचं भांडण झालं. तुला ती पहिल्यापासून हवी होती, नाचायला बरी म्हणून. मी सांगत होते की आई आधी सरळ जाते, दम सरत आला की मग थरथरते. मी हट्टानं ती उशिराच ठेवली. आता त्या उशिरा येणाऱ्या थरथरीवर पोरं व्हिडिओ करून एकमेकांना शिकवतात आणि ती तुझी कमाल आहे असं सांगतात. आणि फाइलला नाव दिलं ‘राखी’, आपण इंग्रजीत लिहितो तसं. दुसरं काय देणार, आई तेच म्हणत होती.

कंपनीच्या मुंबईतल्या कुणा साहेबानं ते वाचलं आणि त्याला वाटलं, नाशिकच्या पोराचं स्पेलिंग कच्चं आहे. त्यानं ते दुरुस्त करून ‘रॉकी’ केलं आणि गाण्यालाही तेच नाव दिलं. एवढ्यावर मी हसले असते, खरंच हसले असते. पण तू त्याला सांगितलं नाहीस. तुझा आवाज विकायला निघाला, गोव्याच्या त्या मोठ्या कार्यक्रमात वाजला, आणि मग त्या मुलाखतीत मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तुला विचारलं, हा रॉकी कोण. तू घटकाभर इकडे तिकडे पाहिलंस. मला तुझा तो चेहरा माहीत आहे, गृहपाठ विसरल्यावरचा. आणि तू म्हणालास की रॉकी हा आपल्या वसाहतीतला कुत्रा होता, तो प्लांटच्या भोंग्याला सूर लावायचा, त्यावरून तुला सुचलं, आणि आता तो राहिला नाही. बाईंनी डोळे पुसले. खाली हजारो लोकांनी रॉकीला श्रद्धांजली वाहिली आहे. मी ती सगळी वाचली. माझ्या आईच्या गळ्याचा तू कुत्र्याचा गळा केलास आणि तो कुत्राही मारून टाकलास. आपल्या वसाहतीत कुत्रा पाळलेलं कुणी मला आठवत नाही.

त्यानंतर मी तुला फोन केला नाही. भांडायला माणूस समोर लागतो, आणि तू तर पोस्टरवर होतास. बिटको चौकाजवळच्या एका स्टुडिओत मी काम करते. दुकानांच्या सेलच्या जाहिराती, क्लासच्या जाहिराती, रिक्षावर फिरवायच्या घोषणा. आवाज साफ करून द्यायचा आणि मागे संगीत घालायचं. गिऱ्हाईक अधूनमधून म्हणतं, मॅडम, मागे ते रॉकीवालं टाका ना, पब्लिक थांबतं. मी टाकते. आईला मात्र मी एकटीनं सांगितलं नाही. ती सुरुवातीला विचारायची, ‘त्या संघर्षाचं गाणं झालं का गं?’ आणि मी म्हणायचे, चाललंय त्याचं. मग तिनं विचारणं सोडलं. ती खुळी नव्हती.

आता तू मागितलेल्या हाकेबद्दल. आईला घशाचा कॅन्सर झाला. आधी आवाज बसला, आम्ही हळद-दूध देत राहिलो. कळलं तेव्हा उशीर झाला होता. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला आणि त्यासाठी मी रोज हात जोडते, पण आवाज गेला, सगळा गेला, कुजबुजण्यापुरताही उरला नाही. आता ती मला टाळी वाजवून बोलावते. मी मोरीत असले आणि नळ चालू असला तर टाळी ऐकू येत नाही, मग ती उठून येते आणि दारात उभी राहते. दवाखान्यातून एक यंत्र मिळालं, गळ्याला टेकवून बोलायचं. ते हातात घेतलं आणि मला हसू आलं, संघर्ष. आतून नुसती घरघर येते, कच्ची, एकाच पट्टीतली, आणि तोंडानं तिचे शब्द करायचे. आपण तुझ्या खोलीत जिथून सुरुवात केली होती तीच जागा. एका यंत्राला मी आईसारखं बोलायला शिकवलं होतं आणि आता आईनं यंत्रासारखं बोलायचं होतं. तिनं एकदा लावून पाहिलं, माझं नाव घेतलं. ‘रा’ आणि ‘खी’ दोन्ही सपाट, एका रेषेत. तिनं ते पुसून डबीत ठेवलं आणि ओठांनीच म्हणाली, नको.

मी घरातले सगळे फोन पालथे घातले. आई व्हॉइस मेसेज कधी पाठवायची नाही, आणि कॅमेरा दिसला की तिचा पदर तोंडावर. शेवटी माझ्या मामेबहिणीच्या लग्नातला एक व्हिडिओ सापडला. त्यात आई पंगतीत उभी राहून कुणाला तरी रागावते आहे, तोंड चांगलं पूर्ण उघडं, हात कमरेवर, मला हवी तशी अगदी. आणि मागे डीजेवर रॉकी चालू आहे. एक अक्षर ऐकू येत नाही. मला येतं ते सगळं वापरून मी गाणं काढून टाकायचा प्रयत्न केला. बेस गेला, ढोल गेले, लीड जाईना, कारण दोघांचे सूर एकाच जागी बसतात. लीड काढला की आईही निघून जाते. तो इतका चांगला मीच बनवला होता.

हे सगळं मी तुला कळवलंही नसतं. पण परवा जेवताना आईनं ताट बाजूला सारलं आणि ओठ हलवून विचारलं, माझा आवाज कसा होता गं, मला आता आठवत नाय. मी आतून हेडफोन आणले, तिच्या कानाला लावले आणि तो लीड ऐकवला, नुसता, बाकी काही नाही. म्हटलं, आई, ही तू. तिनं डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकला. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि मान हलवली. तिला तिचा आवाज त्यात सापडला नाही. म्हणून हे पत्र. तिची खरी हाक, मी हात लावायच्या आधीची, आता फक्त तुझ्याकडच्या त्या रेकॉर्डरच्या कार्डावर आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपची डिस्क केव्हाच गेली. दुसरी हाक तुला मिळणार नाही, आणि पहिलीही मी तुझ्याकडून काढून घेत नाही. रॉकी तुझा, त्याला तू कुत्रा म्हण नाहीतर वाघ म्हण. मला हाकेच्या पुढचं हवं आहे. रेकॉर्डर चालूच राहिला होता आणि मी मैदानातून परत येईपर्यंत ती तुझ्याशी बोलत होती. मी ते कापायच्या आधी एकदाच ऐकलं, नंतर तू ते टाकाऊच्या फोल्डरमध्ये ठेवलंस. ‘येतीय ती. तू बस रे बाबा. भाकरी घेतलीस का अजून? लाजू नको, आपलंच घर हाय.’ एवढंच आहे. ते पाठव, संघर्ष. ती तुझ्याशी बोलत होती, म्हणून तुझ्याकडेच मागावं लागतंय.

आईनं जिला हाक मारली ती,
राखी